दुकानाला ठाऊक असलेलं नाव

लग्नानंतर माझ्या आईला तिच्या मूळ नावाने हाक मारणारं एकच दुकान होतं, आणि तेही अमेरिकेत. त्याला दार नव्हतं, गल्ला नव्हता, 'बसा, पाणी घ्या' म्हणणारं कोणी नव्हतं. पण आई समोर बसली की ते तिचं नाव घेऊन तिचं स्वागत करायचं. हे कसं व्हायचं ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी त्याच दुकानाच्या कामावर होते. तरीही ते आठवलं की आजही मला रडू येतं, आणि रडू आलं की माझा मलाच राग येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होते आणि राहायला मल्लेश्वरमला, म्हणजे बेंगळुरूच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. कंपनीच्या बसमध्ये माझं निम्मं तारुण्य गेलं असं मी म्हणायचे. घरात आम्ही तिघंच. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले माझे वडील, म्हणजे अण्णा, आई आणि लग्नाचं वय टळत चाललेली मी. अण्णांचं घराणं कितीतरी पिढ्या इथलंच. कोणा सरदाराच्या फौजेबरोबर आलो आणि परत जायचं राहून गेलं, असं सांगतात. आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं आहे की ऑफिसातला एक पुण्याचा पोरगा माझं बोलणं ऐकून हसायचा. मी त्याला एकदा सुनावलं, की बाबा रे, तू कालपरवा आलास, आम्ही इथे साडेतीनशे वर्षं मराठी राखून बसलोय, हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे ते अमेरिकेतलं दुकान. इंटरनेटवर टॉवेल, भांडी, तंबू, खेळणी, वाट्टेल ते विकायचे. ते तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायचे आणि आम्ही इकडे शेळ्या व्हायचो. आमच्या गटाला काम मिळालं होतं ते गिऱ्हाईक ओळखण्याचं. दुकानात कोणी पहिल्यांदा आलं की त्याच्या कॉम्प्युटरवर एक लहानशी खूण ठेवून द्यायची. तिला कुकी म्हणतात. देवळाबाहेर चपला ठेवल्या की जसा आकड्याचा बिल्ला मिळतो, तसंच ते. बिल्ला तुमच्याकडे, चपला त्यांच्याकडे. पुढच्या वेळी आलात की दुकान तुमचा बिल्ला बघतं आणि स्वतःकडची तुमची नोंद काढतं: नाव काय, मागे काय पाहिलं, कुठल्या वस्तूकडे परत परत आलात. मग त्यावरून अंदाज बांधून 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून चार वस्तू पुढे मांडतं.

तो अंदाज नीट येतोय का हे बघायला खरा माणूस लागतो. आम्ही ऑफिसातले लोक काहीही दाबत सुटायचो. एकाने तर एका दुपारी बाळाची दुपटी, कुऱ्हाड आणि घोड्याचं खोगीर पाहून ठेवलं होतं. आमचा गटप्रमुख वैतागला. म्हणाला, घरी ज्याला कॉम्प्युटरचं वारं लागलेलं नाही असं कोणी असेल तर त्याला बसवा, आणि त्याला हवं ते बघू द्या.

घरी आई होती. आणि एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून मी जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता. इंटरनेट फोनच्या तारेवरून चालायचं, लावलं की ते यंत्र आधी किंचाळायचं आणि मग फोन बंद. अण्णा नाक मुरडायचे. "त्या डब्यापायी माणसाला एक फोन येत नाही," म्हणायचे. त्यांना फोन करणारं तसंही कोणी नव्हतं.

एका शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आईला समोर बसवलं. तिने आधी पदराला हात पुसले. सुरुवातीला दुकान नाव विचारायचं. मी टाइप करायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "थांब गं. कुठलं नाव घालणार?"

"तुझं. दुसरं कुठलं?"

"माझी दोन आहेत की."

ते मला माहीत होतं, पण कधी लक्षात राहिलं नव्हतं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात, आणि वीस वर्षं ज्या नावाला ती 'ओ' देत आली ते तिथेच संपतं. तांदूळ नंतर निवडून डब्यात जातात. आईचं माहेर बेळगावकडच्या एका नदीकाठच्या गावात होतं. आईवडील गेल्यावर ते घर विकलं गेलं आणि तिला जुन्या नावाने बोलवणारं कोणी उरलं नाही. अण्णांनी लिहिलेलं नवं नाव रेशनकार्डावर होतं, पण अण्णांनीही ते कधी तोंडाने घेतलं नाही. त्यांच्या पिढीत बायकोला नावाने हाक मारणं म्हणजे निर्लज्जपणा. 'अगं ए', 'ऐकलंस का', नाहीतर नुसतं खाकरणं. शेजारपाजारच्या आणि दुकानदारांच्या तोंडी ती अक्का होती, माझी आई होती. नावाने ती कोणाचीच नव्हती.

"माहेरचं घाल," आई म्हणाली. "तिकडे अमेरिकेत कोणाला काय कळतंय."

मी ते घातलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे आणि आधीच फार हातांतून गेलेलं आहे. पडद्यावर अक्षरं उमटली: स्वागत, आणि पुढे ते नाव. आई हसली. तोंडावर पदर धरून हसली, जशा मुली हसतात. मग मला म्हणाली, "तुझ्या लग्नात कोणी ताट आणलं तर उलटं कर बघ."

"लग्न ठरू दे आधी," मी म्हटलं.

"ते होईल गं. पण नाव नको देऊस."

हळूहळू आई एकटीच बसायला लागली. इंग्रजी तिला बेताचं यायचं, पण चित्रं होती आणि तिला घाई नव्हती. मी संध्याकाळी घरी आले की दुकानाने तिच्यासाठी काय मांडलंय ते बघायचे. पहिल्या आठवड्यात कढया आणि लोकर. मला वाटलं, झालं, आई ती आईच. मग एके दिवशी बघते तर मधोमध पोहायची टोपी. रबराची, पिवळीधमक. शेजारी पाण्यात घालायचा चष्मा आणि भला मोठा टॉवेल.

मला वाटलं आमच्या कोडमध्ये घोळ झालाय. मी तपासायला बसले तर आई मागून ओशाळून म्हणाली, "घोळ नाही. मीच बघत होते."

"पोहायची टोपी? तू?"

"मी पोहत असे की. गावात नदी होती ना. ह्या काठाहून त्या काठाला जाऊन येत असे. माझी आई शिव्या घालायची, केस ओले घेऊन येते म्हणून." मग म्हणाली, "इथे नदीच नाही. आणि असती तरी काय."

मला सत्तावीस वर्षांत हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून दुकानाने पुढे केलेल्या वस्तूंकडे बघत ती म्हणाली, "अय्यो, ह्याला कसं कळतं गं? घरात कोणी विचारत नाही, हा बरोबर ओळखतो."

मी तिला समजावलं, की आई, तो कोणी नाही, नुसता हिशोब आहे, तू काय दाबलंस ते तो मोजतो. ती "सरी, सरी" म्हणाली. म्हणजे बरं बरं. पण तिला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं.

कारण आईला कापडाच्या दुकानात मी पाहिलेलं होतं. दर दिवाळीला आणि पाडव्याला आम्ही संपिगे रोडवरच्या एका ठरलेल्या दुकानात जायचो. दुकानदार म्हातारा, माणूस चांगला, त्याची स्मरणशक्ती दांडगी. आईला बघितलं की "बन्नी अक्का, या, तुमचा रंग आलाय," म्हणून जांभळ्या साड्यांचा ढीग टाकायचा. जांभळा. दर वर्षी जांभळा, कधी वांगी रंग, कधी जांभळावर हिरवा काठ. कारण पहिल्या दिवाळीला अण्णांनी जांभळी पसंत केली होती, पैसे त्यांनीच मोजले होते, आणि दुकानदाराने ते कायमचं डोक्यात ठेवलं होतं. आई ती साडी घ्यायची, घडी घालायची आणि म्हणायची, "पदरात पडलं पवित्र झालं." पण दुकानात बसलेली असताना तिची नजर समोरच्या फळीवर जायची. तिथे लिंबासारख्या पिवळ्या साड्या होत्या. ती मागायची नाही. बघायची आणि उठायची. त्या म्हाताऱ्याला झालेली खरेदी दिसायची. अमेरिकेतल्या दुकानाला नुसतं बघणं दिसायचं. हा फरक मला तेव्हा फार मोठा वाटला होता, आणि त्या दुकानाच्या कामाचा मला चक्क अभिमान वाटला होता.

आईने तिथून कधी काहीही घेतलं नाही. टोपली भरायची, बघायची आणि रिकामी करायची. "घ्यायचं काय त्यात," म्हणायची. "आहे हे कळलं, पुरे."

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. सकाळी तुळशीला पाणी घालताना डोकं दुखतंय म्हणाली आणि खाली बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात तिला शुद्ध आली नाही. मी तिचा हात धरून आई, आई करत होते. अण्णा पायाशी उभे होते. डॉक्टर म्हणाले, तुम्हीही बोलवा, कधीकधी ओळखीचा आवाज ऐकू जातो. अण्णांनी तोंड उघडलं. दोनदा उघडलं. मग म्हणाले, "अगं ए." पुन्हा म्हणाले, "अगं, ऐकलंस का." त्यांच्याजवळ हाक मारायला एवढंच होतं. मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. मला त्यांचा इतका राग आला की मी खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

दिवस झाले, पाहुणे गेले. मी ऑफिसला जायला लागले, पण कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. एका रविवारी काम निघालं म्हणून तो सुरू केला आणि सवयीने दुकान उघडलं. पडद्यावर तेच. 'पुन्हा स्वागत', पुढे आईचं नाव, खाली पिवळी टोपी. दुकानाला कोणी कळवलं नव्हतं. त्याला कळवायची सोय आम्ही केलीच नव्हती.

अण्णा मागे येऊन उभे होते. चष्मा पुढे सरकवून त्यांनी वाचलं.

"हे कोण?"

मला वाटलं, बघू तरी ओळखतात का.

त्यांनी पुन्हा वाचलं, ओठ हलवत. आणि मग त्यांना आठवलं. मी तो चेहरा विसरू शकत नाही. शेजारच्या खुर्चीवर ते हळूच बसले. "हे ना," ते म्हणाले. "हे होतं तिचं. लग्नपत्रिकेत होतं." पुढे म्हणाले, "चांगलं होतं की गं. कशाला बदललं मी?"

"तुम्हालाच ठाऊक," मी म्हटलं. फार तिखट म्हटलं.

"सगळे बदलत होते," अण्णा म्हणाले.

त्यांनी टोपीकडे बोट केलं. मी नदीचं सांगितलं. ह्या काठाहून त्या काठाला. ते ऐकत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पस्तीस वर्षं एका छताखाली काढलेल्या बाईची ओळख ह्या माणसाला अमेरिकेतलं दुकान करून देत होतं.

त्यानंतर अण्णा स्वतः बसायला लागले. फोन लावायचा कसा, कुठे दाबायचं, हे माझ्याकडून शिकून घेतलं. ज्या डब्याला शिव्या घालायचे त्याच्यासमोर रोज चहाचा पेला घेऊन बसायचे. सुरुवातीला नुसतं उघडायचे, नाव वाचायचे आणि बंद करायचे. मग जरा धीट झाले. आणि एके दिवशी मी घरी आले तर घाबरेघुबरे होऊन दारातच उभे.

"पुट्टी, पोरी, बघ की स्वल्प. काहीतरी बिघडलंय. तिच्यात हे कुठून आलं?"

मी बघितलं. नाव आईचंच होतं, पण खाली दाढीचं ब्लेड आलं होतं आणि एक ट्रान्झिस्टर. टॉवेल गेला होता.

"तुम्ही हे बघितलं होतं का, अण्णा?"

"नुसतं बघितलं. घेतलं कुठे?"

"बघितलं की त्याला वाटतं तीच बघतेय. त्याला माणूस कळत नाही, यंत्र कळतं. तुम्ही जे बघाल ते तिच्या नावावर चढत जातं."

अण्णांनी हात झटकन मांडीवर घेतले. देव्हाऱ्यात उष्टा हात लागावा तसे. "म्हणजे मी तिला पुसतोय?"

मी नाही म्हणायला हवं होतं का? पण ते खरंच होतं. जितकं ते तिला शोधायला जात, तितकी ती कमी होत होती आणि तिच्या जागी ते येत होते. मला वाटलं आता ते बंद करतील. पण अण्णांनी उलटंच केलं. ते तिच्यासारखं बघायला लागले. कशावर बोट ठेवायच्या आधी थांबायचे, मला विचारायचे, "हे बघितलं असतं का गं तिने?" कढया दोन बघायचे, मग लोकर. मग पाण्याचं काहीतरी. पिवळ्या रंगाचं काय काय आहे ते शोधत जायचे. मी एकदा त्यांना साड्यांच्या फळीचं सांगितलं, संपिगे रोडच्या दुकानातली ती नजर कुठे जायची ते. तेव्हा ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. पण काही आठवड्यांत ट्रान्झिस्टर गेला आणि टॉवेल परत आला. अण्णांनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं. "आली परत," एवढंच म्हणाले.

असं वर्ष सरलं. माझा राग कधी ओसरला ते मला कळलं नाही. संध्याकाळी दोघं बसायचो आणि आई काय बघेल यावर वाद घालायचो. ती जिवंत असताना आम्ही तिच्याविषयी इतकं कधीच बोललो नव्हतो.

मग दोन हजार सालची धावपळ सुरू झाली. तारखा बदलताना जगातले कॉम्प्युटर गोंधळतील म्हणून सगळे जुनं कोड तपासत सुटले होते. आमच्या अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने ठरवलं, जितक्या जुन्या नोंदी कमी तितकं तपासायचं कमी. दुकानाची साफसफाई निघाली. ज्यांनी आजवर एकही वस्तू विकत घेतलेली नाही अशा सगळ्यांच्या नोंदी काढून टाकायच्या. बिल्ला घरच्या यंत्रावर राहील, पण त्या आकड्याच्या चपलाच तिथे नसतील.

मी गटप्रमुखाच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, एक नोंद ठेवता येईल का? त्याने विचारलं, कोणाची? मी सांगितलं. तो कानडी माणूस, मवाळ. त्याने खरोखर तिकडे विचारून पाहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते त्याने मला वाचूनही दाखवलं नाही, नुसतं म्हणाला, "त्यांचं म्हणणं, ही गिऱ्हाईकच नाही. हिने काही घेतलेलं नाही."

बसमध्ये खिडकीशी बसून मी तेच घोकत घरी आले. म्हणजे शेवटी तेही त्या म्हाताऱ्या दुकानदारासारखंच निघालं. पैसे मोजणारा खरा. नुसती बघणारी बाई, मग तिने कितीही जीव लावून बघितलेलं असो, कोणाच्याच हिशोबात नाही. आणि मी ह्याच दुकानाचा अभिमान धरला होता.

अण्णांना आधीच सांगितलं. लपवून काय करायचं होतं? त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "पहिल्यांदा पुसलं ते मी. आता दुसऱ्यांदा."

साफसफाई झाली त्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी दुकान उघडलं. मी शेजारी होते. पडद्यावर आलं: स्वागत. पुढे नाव नव्हतं. खाली विचारलं होतं, आपण नवीन आहात का? आपलं नाव सांगा.

अण्णांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत आईचं माहेरचं नाव लिहिलं. मध्ये एकदा चुकलं तर पुसून परत लिहिलं. मला ताटातले तांदूळ आठवत होते. लिहून झालं. दुकान म्हणालं, स्वागत, आणि ते नाव. पण खाली जे मांडलं होतं ते कोणापुढेही मांडतात ते होतं. घड्याळं, खेळण्यातली मोटार. आईचं काही नव्हतं.

"काही घेतलं नाही म्हणूनच काढलं ना तिला?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"मग घेऊ."

त्यांनी शोधून शोधून ती टोपी काढली. परदेशात पाठवायला खर्च टोपीहून जास्त येत होता. मी तसं म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप माझं क्रेडिट कार्ड आणलं. पत्ता आमचा. नाव तिचं.

पार्सल यायला फार दिवस लागले. दसरा होऊन गेला. मीही विसरत चालले होते. एका शनिवारी मी आत भाजी चिरत होते आणि फाटक वाजलं. पोस्टमन नवा होता, तरुण, कन्नड बोलणारा. खोक्यावरचं नाव वाचून त्याने अण्णांना विचारलं, "ई हेसरिनवरु इल्लि इद्दारा, सार?" या नावाच्या बाई इथे राहतात का?

"हौदु," अण्णा म्हणाले. हो. "माझी बायको."

पोस्टमन म्हणाला, त्यांना बोलवा, सही त्यांची लागेल.

मी सुरी खाली ठेवली. आता अण्णा त्याला सांगतील, ती गेली, असं मला वाटलं. ते काही सांगेनात. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले तेव्हा ते उंबऱ्यात उभे होते. पोस्टमनकडे पाठ करून, घराकडे तोंड करून. त्यांनी एकदा घसा साफ केला. आणि मग त्यांनी तिला हाक मारली. माहेरच्या नावाने, मोठ्याने, मागच्या न्हाणीघरापर्यंत ऐकू जाईल अशी. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

हाक मारून ते थांबले. खरंच वाट बघत थांबले. पोस्टमनही थांबला.

मी पदराला हात पुसून बाहेर आले आणि तिच्या नावाने सही केली.